आधी चालवून दाखवा

आमच्या कट्ट्यावर कोणी नवा माणूस आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "कर्णिक, तो बदकांचा किस्सा सांग ना." मी बदकांचा सांगतो. मग दुसऱ्याला मांजराचा ऐकायचा असतो. तो सांगता सांगता मलाच तिसरा आठवतो, जो वीस वर्षांत आठवला नव्हता. घरी जाईपर्यंत आमटी गार झालेली असते. बायको म्हणते, "तुमची ती जनावरं कधीच गेली, पण अजून वेळेवर जेवू देत नाहीत."

तिचं खरं आहे. गुरांच्या दवाखान्यात काम केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. पेशंट स्वतः काही बोलत नाही, त्यामुळे आजूबाजूचे सगळे बोलतात.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी नुकताच गुरांचा डॉक्टर होऊन मालाडच्या एका कौलारू दवाखान्यात लागलो होतो. आम्ही तिघंच. मोठे डॉक्टर सबनीस, कंपाउंडर पास्कल आणि मी. पास्कल तिथल्याच गावठाणातला ख्रिश्चन, घरची भातशेती. त्याचं मराठी माझ्यापेक्षा तिखट आणि सायकल माझ्यापेक्षा जोरात.

सबनीसांना वेड एकच, मेंदू आणि नसा. मागच्या खोलीत त्यांचा मायक्रोस्कोप होता, आणि काचेच्या पट्ट्यांची एक लाकडी पेटी. उपनगरात कुठेही एखादं जनावर लटपटायला लागलं, थरथरायला लागलं, आडवं पडलं की लोक म्हणायचे, मालाडला न्या, त्या नसवाल्या डॉक्टरांकडे. आणि कोणी काहीही सांगत आलं तरी सबनीसांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी चालवून दाखवा."

* * *

माझी पहिलीच केस बदकांची. मार्व्याच्या वाटेवर राहणाऱ्या मोनिकाबाई दोन टोपल्यांत सात बदकं घेऊन आल्या. सातही जणांच्या माना ओल्या फडक्यासारख्या टोपलीबाहेर लोंबत होत्या.

"ताडी पाजलीय," मोनिकाबाई म्हणाल्या. "माझ्या दिरानं. तो स्वतः पितो, आता मुक्या जीवांना पाजायला लागला."

सबनीसांनी एक बदक जमिनीवर ठेवलं. त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला, पाय उचलला गेला नाही. मान वर करायला गेलं, मान आली नाही. पण डोळा उघडा होता आणि आमच्याकडे टकमक बघत होता.

"दारू प्यायलेला प्राणी असा बघत नाही," सबनीस म्हणाले. "पास्कल, तुला अनुभव आहे. बघतो का?"

"नाय डॉक्टर. प्यायलेल्याला मान असते, नजर नसते. इथं उलटं आहे."

मग ते मला म्हणाले, "कर्णिक, मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. शेवटच्या टप्प्यावर एक निरोप्या असतो. एक विष असं आहे, की ते त्या निरोप्याला दारातच बांधून ठेवतं. मेंदू शाबूत, स्नायू शाबूत, पण निरोप पोचत नाही. ते विष सडलेल्या मांसात तयार होतं. तू यांच्या तळ्यावर जाऊन काय सडतंय ते शोध."

शोधायला लागलंच नाही, वासानंच सापडलं. तळ्याच्या काठाला गवतात मेलेली घूस, तिच्यात अळ्या, आणि त्या अळ्यांवर बदकांनी ताव मारलेला. मी आणि पास्कलनं ती पुरली. तीन दिवस आम्ही बदकांच्या माना उशीवर टेकवून त्यांना थोडं थोडं पाणी पाजत होतो. तीन गेली, चार उठली. चौथ्या दिवशी त्या चौघी रांगेनं दवाखान्याच्या अंगणात चालल्या, तेव्हा मला माझी डिग्री पहिल्यांदा खरी वाटली.

मोनिकाबाई खूश झाल्या, पण जाता जाता दारात थबकल्या. "डॉक्टर, म्हणजे दिरानं काही केलंच नव्हतं?"

"नाही."

"मी तर चार दिवस त्याला घरात घेतलं नाही. जेवायला पण दिलं नाही."

सबनीस शांतपणे म्हणाले, "मग त्यालाही थोडं थोडं पाणी पाजून सुरुवात करा."

* * *

त्या केसनंतर मला सगळीकडे विषच दिसायला लागलं. गोरेगावच्या एका तबेल्यातून निरोप आला, की म्हैस मागचा पाय विचित्र उचलते. सबनीस बाहेर गेले होते. मी एकटाच गेलो.

म्हैस खरोखरच पाय उंच उचलून, हवेत थांबवून, मग टेकत होती. मी तबेलेवाल्या यादवभैयाला पाठीच्या कण्यातल्या नसांबद्दल अर्धा तास समजावलं. गवतात काय येतं, पेंडीत काय असू शकतं, कुठल्या विषानं कुठली नस जाते, सगळं. भैया मान डोलवत होता. "बच जाएगी ना साहब?" त्यानं विचारलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "सांगता येत नाही."

दुपारी सबनीस आले. म्हणाले, चालवून दाखवा. म्हैस चार पावलं चालली. सबनीस खाली बसले, खूर हातात घेतला आणि चिमट्यानं बोटभर लांब बाभळीचा काटा बाहेर काढला.

परत येताना त्यांनी तो काटा माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "लेक्चर छान होतं म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भैयानं. म्हणाला, छोटे डॉक्टर बहुत पढे हैं, बस झुकते नहीं."

आजही मी कुठलंही जनावर बघितलं की आधी वाकतो.

* * *

बोरिवलीचे रिटायर्ड हेडमास्तर नाडकर्णी टॉवेलात गुंडाळलेलं मांजर घेऊन आले, ते संतापूनच. बायको गेल्यावर त्यांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं, फक्त ही चिमी.

टॉवेल उघडला तर चिमी नखशिखांत थरथरत होती. कान, मिशा, पाठ, पंजे, सगळं. पास्कलच्या हातून वाटी पडली, तिचा आवाज झाला तशी ती ताडकन उडाली आणि आडवी झाली.

"कोणीतरी माझ्या मांजराला विष घातलंय," मास्तर म्हणाले. "माझा खालच्या बिऱ्हाडावर संशय आहे. मी लेखी तक्रार करणार आहे."

सबनीसांनी चिमीची पाठ हुंगली. मग बोटं हुंगली. "हिच्या अंगाला काय लावलंत?"

"पिसवा झाल्या होत्या. डीडीटीची पावडर लावली. चांगली चोळून लावली, दोनदा."

"मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून काढतं, मास्तर. ही पावडर पिसवेच्या नसांना ज्या रीतीनं मारते, त्याच रीतीनं मांजराच्या नसांना छळते. नस एकदा निरोप देऊन गप्प बसत नाही, तोच तोच निरोप देत राहते. म्हणून ही थरथर."

मास्तर खाली बसले. आवाज एकदम उतरला. "म्हणजे मीच?"

सबनीसांनी झोपेचं औषध टोचलं, आणि चिमी ढिली पडल्यावर तिला साबणानं आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. ती पुरती झोपली नव्हती, हे माझ्या मनगटावर अजून लिहिलेलं आहे.

दोन दिवस चिमी अंधाऱ्या खोलीत होती. दोन्ही दिवस मास्तर दाराबाहेर बाकावर बसून होते. तिसऱ्या सकाळी ती उठली, अंग ताणलं आणि चालत जाऊन त्यांच्या धोतरावर बसली. मास्तरांनी डोळे पुसले आणि एकदम त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला. "पण हे डब्यावर लिहायला नको का?"

सबनीसांनी डबा मागवून घेतलाच होता. त्यांनी तो मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी चष्मा लावला, डबा फिरवला आणि मांजरांना लावू नये अशी ओळ सापडल्यावर तीन वेळा वाचली.

"फार बारीक अक्षर आहे," ते म्हणाले.

"खरंय," सबनीस म्हणाले. "चिमीलाही दिसलं नाही."

* * *

आरे कॉलनीच्या पलीकडे रानात वारल्यांचे पाडे होते. तिथून एके दिवशी जान्याबाबा नावाचा म्हातारा चालत आला. पाड्यावरचं वासरू आंधळं झालंय आणि झाडाला डोकं लावून उभं राहतंय. हाकललं तर गोल फिरतं आणि परत डोकं लावतं.

"लोक काय म्हणतात?" सबनीसांनी विचारलं.

"म्हणतात, त्याच्या अंगात देव आला."

"तुम्ही काय म्हणता?"

"देव आला असता तर काही बोलला असता. हे नुसतं दात खातंय."

आम्ही बसनं गेलो आणि पुढे तासभर चाललो. वासरू म्हाताऱ्यानं सांगितलं तसंच उभं होतं. मी डोळ्यासमोर हात हलवला, पापणी लवली नाही. सबनीस वासराभोवती फिरले, मग पाड्याभोवती फिरायला लागले. गोठा बघितला, पाणी बघितलं. शेवटी झाडाखाली वाघोबाचं ठाणं होतं तिथं थांबले. उभा लाकडी पाट, त्याच्यावर वाघ कोरलेला, आणि त्याला शेंदराची जाड पुटं. पण वासराच्या तोंडाच्या उंचीला शेंदूर निघून लाकूड दिसत होतं.

शेंदूर म्हणजे शिसं. वासरांना शिशाची चव गोड लागते, ती चाटत राहतात. आणि शिसं थेट मेंदूवर जातं. मेंदू सुजतो, दिसेनासं होतं, पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. हे मी म्हाताऱ्याला सांगणार, तेवढ्यात सबनीसांनी माझा दंड दाबला. पाड्यातली माणसं गोळा झाली होती. त्यांच्या देवात विष आहे, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

सबनीस जान्याबाबाच्या शेजारी बसले. "बाबा, वासरू वाघोबाला चाटत होतं. शेंदूर देवासाठी असतो, वासराच्या पोटासाठी नाही. त्यानं त्याचं डोकं बिघडलंय."

जान्याबाबानं उठून त्या चाटलेल्या लाकडावरून हात फिरवला. मग हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"आजपर्यंत वाघोबा आमची वासरं खायचा," तो म्हणाला. "वासरानं वाघोबाला खाल्लेलं पहिल्यांदाच बघितलं."

सगळा पाडा हसला. त्याच दिवशी वाघोबाभोवती बांबूचा कठडा उभा राहिला.

वासराला आम्ही जुलाबाचं मीठ पाजलं. शिसं रक्तातून ओढून काढणारं एक इंजेक्शन तेव्हा नुकतंच आलं होतं. ते माणसांसाठी होतं. सबनीसांनी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या मित्राकडून ते आणलं. पेशंटचं नाव काय, असं मित्रानं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "जान्या यांचा धाकटा." मी आठ-दहा दिवस रोज त्या रानात जात होतो. एका सकाळी मी पाड्याजवळ पोचलो, तर वासरानं मला लांबूनच बघितलं आणि पळून गेलं. इंजेक्शनवाला ओळखला होता. त्याला धरायला मला आणि पाड्यातल्या तिघांना अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास मी मनातून नुसता हसत होतो.

* * *

मढची लक्ष्मीबाई कोळीण सकाळी मासळीच्या लॉरीतून उतरली, ती कुत्रा खांद्यावर टाकूनच. वाळ्या नावाचा तांबडा कुत्रा. त्यानं केंड मासा खाल्ला होता. हा फुग्यासारखा फुगणारा मासा कोळी जाळ्यातून काढून फेकून देतात, कारण त्याच्या पोटात विष असतं हे त्यांच्या पोरांनाही माहीत असतं. वाळ्याला नव्हतं.

चालवून दाखवा म्हणायचा प्रश्नच नव्हता. चारी पाय गेलेले. शेपूट गेलेली. श्वास इतका उथळ, की मी कान लावून ऐकला. मी सबनीसांकडे बघून मान हलवली.

ते लक्ष्मीबाईनं बघितलं. "तो मेला नाय," ती म्हणाली. "त्याचे डोले बगा. मना वलखतंय तो."

सबनीसांनी बॅटरी घेतली आणि डोळ्यांत बघितलं. "बाई बरोबर सांगतायत. या विषानं नसांची वाट बंद होते, मेंदू जागा राहतो. याला सगळं ऐकू येतंय, कर्णिक, फक्त छातीचा भाता थांबत चाललाय. विष उतरेपर्यंत तो भाता कोणीतरी चालवायला हवा."

"औषध?" मी विचारलं.

"नाही. दोन हात आहेत."

दहा वाजता आम्ही सुरुवात केली. फासळ्यांवर तळवे ठेवायचे, दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. अर्धा तास मी, अर्धा तास पास्कल, मग सबनीस. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं, तरी पाळी चुकवली नाही. मधे बाहेर एक बैल आला, एक शेळी आली. एक जण उठून ते बघायचा, उरलेले दोघं वाळ्याजवळ. लक्ष्मीबाईची मासळी टोपलीत होती, बाजार कधीच सुरू झाला होता. पास्कल म्हणाला, "बाई, जा विकून या, आम्ही आहोत." ती हलली नाही. वाळ्याच्या कानाशी बसून अखंड बोलत राहिली. घरची भांडणं, होडीचं फाटलेलं शीड, सुनेचा स्वयंपाक. दुपारपर्यंत आम्हाला तिचं अख्खं घर पाठ झालं.

तीन वाजता माझे खांदे भरून आले. हात आपोआप थांबले. वाळ्याची छाती वर झाली. मी बघत राहिलो. खाली गेली. पुन्हा वर झाली. मी हात लावला नव्हता.

कोणी हललं नाही. लक्ष्मीबाई सुनेच्या कालवणाबद्दल सांगत होती ते सांगतच राहिली. पाच वाजता शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं.

लक्ष्मीबाई तेव्हा कुठे गप्प झाली. मग उठून उरलेली मासळी आमच्या तिघांत वाटायला लागली. सबनीस शाकाहारी. त्यांनी नम्रपणे सांगून बघितलं.

"घ्या हो," ती म्हणाली. "यात केंड नाय."

* * *

ही एक केस मात्र मी कट्ट्यावर क्वचित सांगतो.

मुलुंडच्या सुशीलाबाई गुप्तेंकडे दोन शेळ्या होत्या. नवरा ऑफिसात कारकून होता, पण आजारानं घरी बसला होता. शेळ्यांच्या दुधावर घराला आधार होता. बियाण्याला कीड लागू नये म्हणून पाऱ्याचं औषध चोळून ठेवलेलं एक पोतं शेजारच्या वाडीत उघडं राहिलं, आणि दोघींनी ते धान्य बरेच दिवस चोरून खाल्लं. थोरली आमच्याकडे पोचायच्या आधीच गेली. धाकटी, तिचं नाव जाई, पाय फाकून, दारुड्यासारखी झोकांड्या खात उभी होती. पाला दिसायचा, तोंड पाल्यापर्यंत न्यायची, आणि नेम चुकायचा.

थोरलीच्या मेंदूच्या पट्ट्या सबनीसांनी परळच्या गुरांच्या डॉक्टरी कॉलेजातल्या ओळखीनं करून आणल्या. मागच्या खोलीत त्यांनी आधी निरोगी शेळीच्या मेंदूची काच लावली. पास्कलनं डोळा लावला. "ही तर झाडं आहेत, डॉक्टर. पावसाळ्यातली, फांद्या फुटलेली."

"लहान मेंदूतल्या पेशी. पाऊल कुठे टाकायचं, तोल कसा धरायचा, ते यांच्यामुळे कळतं. आता ही बघ."

दुसरी काच. पास्कलनं पुन्हा डोळा लावला. मग म्हणाला, "वणवा गेलाय."

सुशीलाबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तरुण होतो, खरं बोलणं म्हणजे कोरडं बोलणं असं मला वाटायचं. मी म्हणालो, "मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही. जाईच्याही बऱ्याच गेल्या असणार. ती आता अशीच राहील."

त्या शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "उरल्या किती?"

मी मागे बघितलं. सबनीस दारात उभे होते. ते म्हणाले, "वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, बाई. मला माहीत नाही. पण आपण बघू."

त्या जाईला घेऊन गेल्या. मी केस मनातून संपवून टाकली.

चारेक महिन्यांनी मुलुंडला दुसऱ्या कामाला गेलो होतो, तर वाटेत त्यांचं घर. अंगणात दोन बाकं समोरासमोर लावून मधे अरुंद गल्ली केलेली. त्या गल्लीतून जाई चालत होती. वाकडी, पण चालत होती. पुढच्या टोकाला खुर्चीवर बसलेला एक माणूस डाव्या हातात बाभळीचा पाला धरून तिला बोलावत होता. ती आली, तोंड पुढे केलं आणि पहिल्याच झटक्यात पाला पकडला.

"रोज सकाळ-संध्याकाळ," सुशीलाबाई म्हणाल्या. "पहिला महिना नुसती पडायची."

"कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं. "यांचं उजवं अंग गेलं तेव्हा डॉक्टरांनी मला तुमच्यासारखंच सांगितलं होतं. तेव्हा ही बाकं यांच्यासाठी लावली होती."

नवरा खुर्चीतून उठला. हळू, बाकाला धरून, पण स्वतः उठला. मला म्हणाला, "बसा डॉक्टर. चहा मी टाकतो."

मी परत येऊन सबनीसांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी माझ्या जुन्या केसपेपरवरची 'अशीच राहील' ही ओळ खोडली नाही. तिच्याखाली त्यांच्या अक्षरात एवढंच लिहिलं, 'राहिली नाही.'

* * *

आणि आता इब्राहिमचाचांचा घोडा.

अंधेरी स्टेशनजवळच्या एका गल्लीत चाचांचा टांगा असायचा. घोड्याचं नाव सुलतान. नाल ठोकताना खिळा खुरात घुसला, जखम वरून भरली, आणि दहाव्या दिवशी सुलतानचा जबडा मिटला. आम्ही गेलो तेव्हा तो लाकडी घोड्यासारखा चारी पाय ताठ करून उभा होता. मान ताठ, शेपूट ताठ, नाकपुड्या फुललेल्या. सबनीसांनी चालवून दाखवा म्हटलं, तर त्याला वळताच येईना. बाहेर कोणीतरी बादली आपटली, तसा तो अख्खा थरारला आणि पडता पडता वाचला.

"धनुर्वात," सबनीस बाहेर येऊन म्हणाले. "चाचा, शरीरात एक नस स्नायूला म्हणते 'ओढ'. दुसरी म्हणते 'पुरे'. हे विष त्या 'पुरे' म्हणणारीचं तोंड बंद करतं. मग एवढासा आवाज झाला तरी सगळे स्नायू ओढत सुटतात, थांबवणारं कोणी नाही. सीरम देतो, पेनिसिलिन देतो. पण खरं औषध दोनच, अंधार आणि शांतता. तीन आठवडे."

चाचांनी गल्लीकडे बघितलं. तबेल्याच्या डावीकडे पत्र्याचे डबे ठोकणारा वामन. उजवीकडे लग्नाच्या बँडची तालमीची खोली. समोर सार्वजनिक नळ. "डॉक्टरसाहब, अंधेरा तो दे दूंगा," ते म्हणाले. "शांतता कुठून आणू?"

सबनीस दारोदार गेले. मी बरोबर होतो. वामन म्हणाला, "घोडा मरतोय तर मी काय ठोकत बसू?" त्यानं हत्यारं उचलून मेव्हण्याच्या दुकानात नेली. बँडमास्तर म्हणाले, ऐन लग्नसराई आहे, पण तालीम नुसती बोटांनी करू. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत नऊ माणसं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर बोटं नाचवत बसायची, फुंकर न मारता.

फक्त पहिल्या मजल्यावरच्या सरलाकाकू भडकल्या. "घोड्यासाठी आम्ही माणसांनी मुकं व्हायचं? मसाला कुटायचा नाही, कपडे धोपटायचे नाहीत? माझ्या बाळंतपणात कोणी एवढं केलं नव्हतं."

सबनीस त्यांना खाली घेऊन आले, तबेल्याच्या दाराला अंधारासाठी लावलेलं गोणपाट बाजूला करून आत उभं केलं. अंधारात सुलतानच्या छातीवरून घाम निथळत होता. दूर कुठेतरी गाडीची शिटी झाली आणि तो ताठला. तो ढिला होईपर्यंत काकू तिथेच उभ्या राहिल्या. मग वर गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या घरातून मुसळाचा आवाज आला नाही.

तीन आठवडे ती गल्ली कुजबुजत जगली. नळावर बादलीच्या तळाशी फडकं घालून पाणी भरायचे. भाजीवाला ओरडायच्या ऐवजी खिडक्यांखाली उभा राहून हात वर करायचा. एक वरात त्याच गल्लीतून जायची होती, तर बँडमास्तरांनी वाद्यं काखेत मारून सगळी वरात नुसती चालवत पार नेली. नवरदेवाला वाटलं, कोणीतरी वारलंय. चाचा रात्रंदिवस सुलतानच्या पायाशी. मिटलेल्या दातांच्या फटीतून सातूची पातळ पेज ओतायचे, घोटभर आत जायची, घोटभर बाहेर यायची.

दुसऱ्या आठवड्यात एकदा तो आडवा झाला, तेव्हा आम्ही आशा सोडली. घोडा या दुखण्यात पडला की सहसा उठत नाही. पास्कल, वामन आणि बँडची सगळी माणसं आली. पोटाखालून पट्टे घालून, एक शब्द न बोलता, त्यांनी त्याला उभा केला. ओझं उचलताना इतकी माणसं इतकी गप्प मी पुन्हा कधी बघितली नाहीत.

चोविसाव्या दिवशी सकाळी सबनीसांनी सुलतानच्या ओठांत बोट घातलं. जबडा उघडला. त्यांनी चाचांकडे बघितलं आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

चाचांनी गोणपाट काढलं आणि लगाम धरला. सुलताननं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. अख्खी गल्ली दारांत, खिडक्यांत उभी होती, एक अक्षर कोणी बोलत नव्हतं. तो उन्हात आला, डोळे बारीक केले, मान वर केली आणि इतक्या मोठ्यानं खिंकाळला, की वळचणीची कबुतरं उडाली.

पहिल्या मजल्यावरची एकच खिडकी बंद होती, ती धाडकन उघडली. सरलाकाकू अर्ध्या बाहेर आल्या, ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या,

"शू. हळू जरा. खाली घोडा आजारी आहे."